सत्तेची वाटणी आणि पोलादाचे कारखाने

राज्यघटना हा वकिलांचा विषय, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांना ती मान्य नाही. सत्ता ज्याच्या अंगावर चालून येते, त्यानेच तिला कुंपण कोठे घातले आहे हे आधी पाहून ठेवले पाहिजे. अमेरिकेतील १९५२ सालचा पोलाद कारखान्यांचा खटला आम्ही श्रोत्यांपुढे मांडतो, तो यासाठी.

अमेरिकेची घटना १७८७ साली फिलाडेल्फियात लिहिली गेली. तिचे पहिले तीन अनुच्छेद म्हणजे सत्तेचे वाटणीपत्रच होय. कायदे करण्याची सत्ता काँग्रेसची, म्हणजे तेथील दोन सभागृहांच्या संसदेची. कारभाराची सत्ता अध्यक्षाची. पण कायद्यांची इमानाने अंमलबजावणी करण्याचे बंधन त्याच्यावर आहे. न्यायदान न्यायालयांचे. युद्ध पुकारायचे काँग्रेसने, सेनापतिपद अध्यक्षाचे. तलवार, तिजोरी आणि तराजू एकाच हाती जाऊ नयेत, हा त्यातला हेतू.

१९५२ साली कोरियात युद्ध चालू होते. पोलाद कामगारांचा करार १९५१ च्या अखेरीस संपला होता. तरी अध्यक्ष ट्रूमन यांच्या विनंतीवरून संघटनेने संप पुढे ढकलला. सरकारी वेतन मंडळाने पगारवाढ सुचविली. मालकांनी पोलादाचे भाव वाढवून मागितले आणि बोलणी फिसकटली. अखेर ९ एप्रिलला संप ठरला. आदल्या रात्री ट्रूमन यांनी हुकूम काढला, की देशातील बहुतेक पोलाद कारखाने व्यापारमंत्री सॉयर यांनी सरकारच्या ताब्यात घ्यावेत. संप थांबला. कामगारांना हे रुचले; सरकारच्या हातून तरी पगारवाढ मिळेल, अशी त्यांची आशा होती. मालकांनी न्यायालयात धाव घेतली.

२ जून रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी हुकूम बेकायदा ठरविला. न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांचे म्हणणे सरळ होते. या हुकुमाला कोणत्याही कायद्याचा आधार नाही. १९४७ साली टाफ्ट-हार्टले कायदा करताना असा अधिकार देण्याचा प्रश्न निघाला होता, पण काँग्रेसने तो दिला नाही. अध्यक्ष सैन्याचा सेनापती आहे, देशातल्या कारखान्यांचा नव्हे. नऊही न्यायमूर्ती रूझवेल्ट किंवा ट्रूमन यांनीच नेमलेले होते. खुद्द ट्रूमन यांनी नेमलेल्या चौघांपैकी दोघांनी त्यांच्याविरुद्ध मत दिले. ट्रूमन यांनी निकाल मानला व कारखाने परत केले.

संप पुन्हा सुरू झाला आणि ५३ दिवस चालला. इतके दिवस पगार नसला म्हणजे घरात काय होते, हे आम्ही कोणाकडून ऐकण्याची गरज नाही. त्या उन्हाळ्यापुरता हा निकाल मालकांच्या पथ्यावर पडला, हे झाकण्यात अर्थ नाही. मग कामगारांनी त्याचे स्वागत का करावे?

उत्तर सहा वर्षे मागे सापडते. १९४६ च्या मे महिन्यात रेल्वे कामगार संपावर गेले, तेव्हा याच ट्रूमन यांनी संपकऱ्यांना सक्तीने सैन्यात भरती करण्याचा अधिकार काँग्रेसकडे मागितला. ते भाषण चालू असतानाच संप मिटल्याची चिठ्ठी त्यांच्या हाती आली. तरीही कनिष्ठ सभागृहाने ते विधेयक त्याच दिवशी प्रचंड बहुमताने मंजूर केले. सेनेटने मात्र भरतीचे कलम नाकारले. अध्यक्षाला मागावे लागले आणि दुसऱ्या सभागृहाला नाही म्हणता आले, म्हणून तो वरवंटा कामगारांवर फिरला नाही.

ज्या हुकुमाने मालकाचा कारखाना घेता येतो, त्याच हुकुमाने उद्या कामगारही घेता येतो. सत्तेची वाटणी संथ असते, कधी आपल्यालाच अडविते. तरी आज ती आपल्याला अनुकूल आहे म्हणून तिचे कुंपण मोडू देणे शहाणपणाचे नाही. उद्या त्याच मोडलेल्या जागेतून कोण आत येईल, याचा हिशेब आधी केला पाहिजे.