एडिंबरो येथील गणित-प्रयोगशाळा (इ. स. १९१३-१९२४)

विद्युत्-गणकयंत्र निघालें आणि त्यानंतर विद्यापीठांतून आंकडेमोडीच्या रीती व संख्याशास्त्र हे विषय शिकविण्यास आरंभ झाला, अशी एक समजूत सुशिक्षितांत रूढ आहे. केंब्रिज येथील गणित-प्रयोगशाळेंतील एडसॅक नांवाचें यंत्र ता. ६ मे १९४९ रोजीं प्रथम चाललें. तेव्हां या अध्यापनाचा उगमही त्याच सुमाराचा असावा, असें वाटणें साहजिक आहे. परंतु कालक्रम तपासून पाहतां ही समजूत टिकत नाहीं. त्या यंत्राच्या ३६ वर्षें आधीं स्कॉटलंडांतील एडिंबरो विद्यापीठांत याच नांवाची संस्था निघाली होती, व तेथें पदवीच्या विद्यार्थ्यांस हे विषय कागद आणि कोष्टकें यांच्या बळावर शिकविले जात होते. या अध्यापनाचा मूळ हेतु काय होता, याचा निर्णय त्या संस्थेच्या वृत्तांतावरून होण्यासारखा असल्यामुळें तो येथें संक्षेपानें देत आहों.

संस्थेचे उत्पादक एडमंड टेलर व्हिटेकर हे इ. स. १८७३ मध्यें जन्मले. केंब्रिजच्या ट्रायपॉस परीक्षेंत ते १८९५ सालीं दुसरे आले. पुढें चारच वर्षांनीं आपले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे ज्या परीक्षेंत सीनियर रँग्लर झाले, तीच ही परीक्षा. तींतील कूट प्रश्नांचीं उत्तरें बहुधा नेटक्या सूत्ररूपानें निघत. कस लागे तो मुख्यतः चातुर्याचा व वेगाचा. परंतु सृष्टींतील प्रश्न इतके सोईस्कर नसतात. कित्येक समीकरणांचीं मुळें सूत्रानें सांगतांच येत नाहींत, आणि वेध घेऊन मिळविलेल्या आंकड्यांत थोडीबहुत चूक असावयाचीच. इ. स. १९०६ पासून व्हिटेकर हे आयर्लंडचे राजज्योतिषी म्हणून डब्लिनजवळील डन्सिंक वेधशाळेवर होते. ज्योतिष्याचें काम सूत्रापाशीं संपत नाहीं, त्याला शेवटीं अंकच लागतो. इ. स. १९१२ मध्यें ते एडिंबरोच्या गणिताच्या पीठावर आले, आणि दुसऱ्याच वर्षीं त्यांनीं ही प्रयोगशाळा उघडली.

या कामास एडिंबरोइतकें योग्य स्थळ क्वचितच सांपडलें असतें. लॉगरिथमांचा शोध लावणारा नेपियर हा याच नगराचा. त्याचा ग्रंथ १६१४ सालीं येथेंच छापला गेला. कोष्टकांतील दोन अंकांच्या मधलें मूल्य काढण्याची, म्हणजे अंतर्वेशनाची, जी रीत न्यूटनच्या नांवानें ओळखली जाते, ती जेम्स ग्रेगरी यानें १६७० मधील एका पत्रांत लिहून ठेविली होती. आणि हाच ग्रेगरी १६७४ सालीं या विद्यापीठांत गणिताचा अध्यापक झाला. (दुसऱ्या अंतरापर्यंतची अंतर्वेशनरीत आपल्याकडे ब्रह्मगुप्तानें इ. स. ६६५ च्या ‘खंडखाद्यका’त दिली आहे, हें येथें लक्षांत ठेवावें.) शिवाय आयुर्विम्याच्या मोठ्या कंपन्या या शहरांत होत्या, आणि मृत्युसंख्येच्या कोष्टकांवरच त्यांचा व्यवहार चाले. जुलै १९१४ मध्यें नेपियरच्या ग्रंथाचा त्रिशतसांवत्सरिक उत्सव विद्यापीठांत झाला, व त्यांत गणनसाधनांचें मोठें प्रदर्शन मांडलें होतें. उत्सव आटोपून पंधरवडा लोटला नाहीं तोंच महायुद्ध पेटलें. तरीही १९१५ मध्यें या प्रयोगशाळेच्या अभ्यासक्रमाचीं छोटीं पुस्तकें प्रसिद्ध झालीं. त्यांपैकीं अंतर्वेशन व संख्यात्मक संकलन यांवरील पुस्तक डेव्हिड गिब याचें आहे.

प्रयोगशाळेंतील सामग्री साधी होती. चौकटी आंखलेला मोठा कागद, बार्लोचीं वर्ग-घनांचीं कोष्टकें, हजाराच्या आंतील कोणत्याही दोन संख्यांचा गुणाकार देणारें क्रेलेचें कोष्टक, आणि लॉगरिथमांचें पुस्तक, एवढ्यावर काम चाले. मात्र आंकडे कोणत्या क्रमानें मांडावे व पडताळा कसा घ्यावा, यावर सर्व भर असे. पडताळ्याचा एक नमुना देतों. १ पासून ८ पर्यंतच्या संख्यांचे घन घ्यावे: १, ८, २७, ६४, १२५, २१६, ३४३, ५१२. शेजारच्या संख्यांचीं अंतरें, मग त्या अंतरांचीं अंतरें, असें तीन वेळां केलें असतां शेवटीं सर्वत्र ६ येतात. आतां नजरचुकीनें १२५ च्या जागीं १३५ लिहिले गेले असें समजूं. तिसरीं अंतरें ६, १६, -२४, ३६, -४ अशीं येतील. त्यांतून ६ वजा करतां ०, १०, -३०, ३०, -१० उरतात. म्हणजे १, ३, ३, १ या प्रमाणांत, आळीपाळीनें चिन्ह बदलून, चूक पसरलेली दिसते. तिच्यावरून ती किती व कोठें, हें दोन्ही कळतें. नकलकाराच्या प्रमादावरून मूळ पाठ शोधून काढणाऱ्या इतिहाससंशोधकांस ही चिकित्सा परकी वाटूं नये.

या शाळेंतील एक निर्णय विशेष उल्लेखनीय आहे. त्या काळीं इंग्लंडांत आलेखांचा मोठा बोलबाला होता. जॉन पेरी यानें १९०१ सालीं ग्लासगो येथें व्यावहारिक गणिताचा जोरदार पुरस्कार केल्यापासून चौकटीचा कागद हें नव्या शिक्षणाचें निशाणच बनलें होतें. व्हिटेकर यांनींही आरंभीं आलेखाच्या सर्व रीती विद्यार्थ्यांकडून करवून पाहिल्या. दहा वर्षांच्या अनुभवानंतर त्या जवळजवळ सर्व टाकून दिल्या गेल्या, व काम केवळ अंकांवर चालूं लागलें. कारण उघड आहे. रेघेच्या जाडीपलीकडे आलेखाची सूक्ष्मता जात नाहीं. अंकांत मात्र हवीं तितकीं दशांशस्थळें वाढवितां येतात, व प्रत्येक पायरीचा पडताळा घेतां येतो.

या दहा वर्षांचें फळ म्हणजे व्हिटेकर व जॉर्ज रॉबिन्सन यांचा ‘कॅल्क्युलस ऑफ ऑब्झर्व्हेशन्स’ हा १९२४ चा ग्रंथ. समीकरणें व अंतर्वेशन यांच्याच शेजारीं त्यांत लघुतम वर्गांची रीत, चुकांच्या वांटणीचा नियम, सहसंबंध, आणि ओबडधोबड आंकडे मृदु करण्याची रीत हीं प्रकरणें आहेत. यांतील शेवटचा प्रश्न विम्याच्या कोष्टकांतूनच आला होता. एका रूपविकारी ताऱ्याच्या लागोपाठ ६०० रात्रींच्या तेजावरून २९ व २४ दिवसांचे दोन आवर्तनकाल निराळे काढून दाखविण्याचें त्यांतील उदाहरण तर प्रसिद्धच आहे. गणन व संख्याशास्त्र येथें दोन विषय म्हणून नांदत नाहींत. गणनांतील चूक व वेधांतील चूक या दोहोंचा हिशेब एकाच कागदावर होतो.

न्यूझीलंडहून १९२३ सालीं आलेला अलेक्झांडर एटकिन हा याच परंपरेंतला. त्याचें ‘स्टॅटिस्टिकल मॅथेमॅटिक्स’ हें पुस्तक १९३९ मध्यें निघालें, आणि १९४६ सालीं तो व्हिटेकर यांच्या पीठावर बसला.

यावरून आमचें मत असें झालें आहे कीं, या अध्यापनाचा उगम यंत्रांत नसून संशयांत आहे. उत्तर काढणें हा त्याचा अर्धा भाग झाला. आलेल्या उत्तराचे किती अंक विश्वसनीय आहेत हें ठरविणें हा दुसरा. पहिला भाग आज यंत्र क्षणांत उरकतें. त्यामुळें तेवढाच शिकवून विषय संपला असें मानण्याचा मोह अभ्यासक्रम आंखणारांस होतो. परंतु कोष्टकांत १२५ च्या जागीं १३५ घातले, तर यंत्र तेही बिनतक्रार स्वीकारील. तें ओळखणारा विद्यार्थी तयार व्हावा, एवढ्यासाठींच १९१३ सालीं ही शाळा निघाली होती.