दोराचे वजन आणि कार्याचे गणित

वर्धा-बल्लारशा लोहमार्गावर माजरी जंक्शन लागते. हा सगळा पट्टा कोळशाचा. जवळच्या वरोऱ्याची सरकारी खाण १९०६ साली बंद पडली. माजरी भागात पुढे भूमिगत आणि खुल्या, दोन्ही तऱ्हांच्या खाणी झाल्या. इथल्या मुलांना खाण म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. तेव्हा नववीचा ‘कार्य आणि ऊर्जा’ हा पाठ खाणीपासूनच सुरू करू या.

समजा, खाणीचा उभा शाफ्ट १०० मीटर खोल आहे. कोळशाने भरलेला टब १,००० किलोग्रॅमचा आणि तारेचा दोर दर मीटरला ३ किलोग्रॅमचा. टब तळाशी असताना इंजिनाला त्याच्याबरोबर ३०० किलोग्रॅम दोरही पेलावा लागतो. टब वर येतो तसा दोर गुंडाळला जातो आणि शेवटी उरतो तो फक्त टब. म्हणजे बल स्थानाप्रमाणे बदलते. मग ‘कार्य = बल × विस्थापन’ या सूत्रात कोणते बल घालायचे? तळाचे घातले तर १२,७४,००० जूल येतात, वरचे घातले तर ९,८०,०००. दोन्ही चूक!

अशाच प्रश्नामागे एकेकाळी रोकडा व्यवहार होता. इंग्लंडमधील कॉर्नवॉलच्या खाणींतले पाणी जेम्स वॅटची इंजिने उपसत. जुन्या इंजिनाच्या तुलनेत जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा वॅटच्या कंपनीला मिळे. वॅटने १७८२ साली वाफेचा पुरवठा मध्येच तोडून पुढचे काम तिच्या प्रसरणावर करून घेण्याचे पेटंट घेतले. पण त्यामुळे दट्ट्या सरकत जाईल तसा वाफेचा दाब घटू लागला. इंजिन किती काम करते, हे मोजायचे कसे?

१७९६ साली वॅटचा सहायक जॉन सदर्न याने दाबाबरोबर हलणारी पेन्सिल आणि दट्ट्याबरोबर सरकणारी फळी यांची सांगड घातली. इंजिन स्वतःच आलेख काढू लागले. त्या रेषेने वेढलेले क्षेत्रफळ म्हणजे एका फेरीतले कार्य. ही युक्ती कंपनीने बरीच वर्षे गुप्त ठेवली.

बल आणि अंतर यांच्या आलेखाचे क्षेत्रफळ न्यूटनने १६८७ सालीच वेगाच्या वर्गाशी जोडले होते. ‘कार्य’ ही संज्ञा मात्र फ्रान्सच्या कोरिओलिसने १८२९ साली पक्की केली. क्षेत्रफळ आधी आले, नाव मागाहून.

आता आपला टब. आलेखाची रेषा १२,७४० न्यूटनपासून ९,८०० न्यूटनपर्यंत सरळ उतरते. तिच्याखालच्या समलंब चौकोनाचे क्षेत्रफळ ११,२७,००० जूल. (घर्षण धरलेले नाही, टब संथ गतीने वर येतो असे मानले आहे.)

वर्गात सायकलची जुनी साखळी टेबलावर गोळा करून ठेवा. तिचे एक टोक ताणकाट्याला अडकवून हळूहळू उचला. दर दहा सेंटिमीटरला बल नोंदवा, आलेख काढा आणि रेषेखालचे चौरस मोजायला सांगा. नंतर साखळीऐवजी रबराची पट्टी ताणा. आता रेषा वाकडी येईल आणि दोन टोकांची सरासरी फसेल. चौरस मात्र फसणार नाहीत. बारावीत इंटिग्रेशन समोर येईल, तेव्हा या मुलांना ते परके वाटणार नाही.