आयफेल टॉवरवरील फादर वुल्फ

भूमीतून, घरांच्या भिंतींतून आणि आकाशातून एक अदृश्य किरणोत्सर्ग अहोरात्र आपल्या अंगावर येत असतो. तो मनुष्यनिर्मित नव्हे. गावोगावी त्याची मोजणी करावयाची तर आज हातात मावेल असे यंत्र मिळते. शतकापूर्वी मात्र तसे यंत्र प्रथम घडवावे लागले, आणि ते घडविले एका येशूसंघीय धर्मगुरूने. सेमिनरीत आम्ही मेंडेलविषयी पुष्कळ ऐकले. थिओडोर वुल्फ हे नाव माझ्या कानी पडले ते फार उशिरा!

1868 साली जर्मनीत जन्मलेले फादर वुल्फ हॉलंडमधील व्हाल्केनबुर्ग येथे येशूसंघाच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवीत. हवाबंद पात्रातील विद्युत्‌भारदेखील हळूहळू ओसरतो, हे त्या काळचे कोडे होते. कोठले तरी किरण पात्रात शिरून हवेचे आयन करतात, एवढे उमगले होते. ते जमिनीतील द्रव्यांतून येत असावेत, अशी बहुतेकांची समजूत होती. जुनी उपकरणे नाजूक, प्रवासात न टिकणारी. फादरांनी धातूचा मुलामा दिलेले क्वार्ट्‌झचे दोन बारीक तंतू पात्रात ताणून बसविले. भार दिला की ते परस्परांपासून दूर सरत आणि भार ओसरताच जवळ येत. मधले अंतर सूक्ष्मदर्शकातून वाचावयाचे.

यंत्र प्रवासास योग्य झाल्यावर मोजणीची आखणी सोपी झाली : यंत्र एकच, ठिकाणे निरनिराळी. जर्मनी, हॉलंड व स्वित्झर्लंडमधील मोजण्यांनी जमिनीच्या बाजूनेच कौल दिला. आता उरली उंचीची परीक्षा. किरण भूमीतून येत असतील, तर उंचावर ते जवळजवळ नाहीसे व्हावयास हवेत. म्हणून 1910 च्या ईस्टरच्या सुमारास फादर वुल्फ जगातील त्या वेळच्या सर्वांत उंच बांधकामावर, पॅरिसच्या आयफेल टॉवरवर चढले. पायथ्याशी दर घनसेंटीमीटरमध्ये दर सेकंदाला 6 आयन भरले. सुमारे 300 मीटर उंचीवर ते अगदी थोडे उरावयाचे, तर भरले 3.5!

हा आकडा त्यांच्याच मताला अडचणीचा होता. तरीही त्यांनी तो जसाच्या तसा छापला : एक तर वातावरणात वर दुसरा उगम असावा, किंवा हवा हे किरण आपण समजतो त्याहून कमी शोषत असावी. दुसरे खरे धरण्याकडे त्या काळच्या अनेकांचा कल राहिला.

व्हिक्टर हेस यांनी पहिल्या शक्यतेचा पाठपुरावा केला. 7 ऑगस्ट 1912 रोजी ते वुल्फ पद्धतीचीच उपकरणे घेऊन बलूनमधून 5,000 मीटरांहून वर गेले. तेथे किरणोत्सर्ग जमिनीवरल्यापेक्षा कितीतरी अधिक भरला. उगम आकाशात होता. 1936 चे नोबेल पारितोषिक हेस यांना विभागून मिळाले.

हे हेसदेखील कॅथलिक. 1938 मध्ये ते अमेरिकेस गेले आणि न्यूयॉर्कच्या फोर्डहॅम या येशूसंघीय विद्यापीठात शिकवू लागले. महायुद्धानंतर त्यांनी त्याच शहरात मोजणी केली : एकदा एम्पायर स्टेट इमारतीच्या उंच मजल्यावर, आणि एकदा खोल भुयारी रेल्वे स्थानकात, भोवतालच्या खडकाची.