साखरेचं मूळ
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नगर जिल्ह्याला साखर नवी नाही. प्रवरानगरला शेतकऱ्यांच्या सहकारी कारखान्याची धुराडी १९५० साली पेटली आणि साखरेने या जिल्ह्याचं रूप बदललं. पण आज पारावर साखरेची गोष्ट निघाली, तर ती उसाच्या भावाची असेलच असं नाही. "तुमची किती आली?" "उपाशीपोटी एकशे साठ." अशीही ती असते. आणि सांगणारा माणूस पुष्कळदा काटकुळा असतो. आयुष्यभर शेतात राबलेला, मिठाई सणासुदीलाच खाणारा. मग याला शुगर कशी?

याची दोन उत्तरं आपल्याकडे तयार असतात. एक म्हणजे गोड खाल्लं असेल. दुसरं म्हणजे बापाला होती, मुलाला झाली. खाण तशी माती. पुण्याच्या रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या दोन्ही उत्तरांवर समाधान मानलं नाही. त्यांच्या संशोधनाचा प्रवास म्हणजे एकाच प्रश्नाचा पाठलाग आहे, आणि दर टप्प्याला तो प्रश्न त्यांना आणखी मागे घेऊन गेला.

मधुमेह हा लठ्ठ आणि उतारवयातल्या माणसांचा आजार, असं पाश्चात्त्य पुस्तकं सांगत होती. डॉ. याज्ञिकांसमोर येणारे रुग्ण त्या मानाने तरुण होते आणि बारीकही. हातपाय काडीसारखे, पोट मात्र सुटलेलं. हा विरोधाभास त्यांनी पुढे स्वतःच्याच देहावर दाखवला. जानेवारी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे असलेला फोटो छापून आला. उंचीच्या प्रमाणात दोघांचं वजन अगदी सारखं, निर्देशांक २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. काटा सारखा, देह वेगळे.

ही चरबी येते कधी? इंग्लंडमध्ये डॉ. डेव्हिड बार्कर यांनी सुईणींच्या जुन्या नोंदवह्या उघडल्या होत्या. जन्मतः कमी वजनाची बाळं मोठेपणी हृदयविकाराला जास्त बळी पडतात, असं त्यांना त्या नोंदींत दिसलं. पुण्यात केईएममध्ये जन्मलेली मुलं चार वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा कमी वजनाने जन्मलेल्यांच्या रक्तात साखर आणि इन्शुलिन जास्त आढळलं. हा निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाला. तीच मुलं आठ वर्षांची झाली, तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. सर्वांत जास्त धोका होता तो जन्मतः लहान, पण पुढे अंगाने भरलेल्या मुलांना.

आता मागे जायचं म्हणजे आईच्या पोटापर्यंत. १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत पाहणी सुरू झाली. गरोदर बायका शोधून नव्हे, तर दिवस राहण्याआधीपासून. कार्यकर्त्या महिन्याच्या महिन्याला घरोघर जाऊन पाळीच्या तारखा टिपत. बाई काय खाते, किती पाणी वाहते, शेतात किती वेळ वाकते, याचीही नोंद होई. या बायका सरासरी २१ वर्षांच्या, वजनाने बेचाळीस किलोंच्या आसपास. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोंची होती. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं ३.५ किलोंची. बाळांच्या त्वचेची घडी चिमट्यात धरून मापली, तेव्हा नवल दिसलं. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून. 'बारीक, तरी चरबीदार' असं हे बाळ २००३ साली जगापुढे आलं. पारावरचा काटकुळा माणूस असाच जन्माला आलेला असू शकतो.

आईच्या ताटात काय कमी होतं? पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांनी या आहाराचा अभ्यास केला. दूध, फळं आणि पालेभाज्या ज्या बायकांच्या खाण्यात वरचेवर होत्या, त्यांची बाळं आकाराने मोठी होती. रक्ततपासणीत सुमारे दोन तृतीयांश आयांमध्ये बी-१२ हे जीवनसत्त्व कमी निघालं. ते मिळतं दूध, दही, अंडी, मांस-मासे यांतून, भाजी-भाकरीतून नाही. फोलेटची कमतरता मात्र जवळजवळ नव्हतीच. ही मुलं सहा वर्षांची झाल्यावर कळलं, की बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असलेल्या आयांच्या मुलांमध्ये इन्शुलिनला न जुमानण्याची प्रवृत्ती सर्वांत अधिक होती.

मग 'खाण तशी माती' हे खोटं का? तसंही नाही. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतले डॉ. गिरिराज चांडक यांनी पुण्याच्या रुग्णांची जनुकं तपासली. आइसलँडमधल्या शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये मधुमेहाशी जोडलेलं एक जनुक इथेही तसंच जोडलेलं निघालं. म्हणजे वारसा आहेच. पण जनुक म्हणजे घरातली विजेची जोडणी. कोणता दिवा लागेल आणि कोणता विझेल, हे बटणांवर ठरतं. जनुकांवर बसणाऱ्या मिथाइल नावाच्या बारीक रासायनिक खुणा बटणांसारखं काम करतात. त्यांचा अभ्यास म्हणजे एपिजेनेटिक्स. आणि या खुणा तयार करायला शरीराला लागतं काय? फोलेट आणि बी-१२. आईचं ताट आणि बाळाची जनुकं यांची गाठ इथे पडते.

अशा खुणा टिकतात किती? नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात दुष्काळ पडला. तेव्हा नुकतेच पोटात असलेल्यांची सहा दशकांनी त्यांच्याच भावंडांशी तुलना केली, तर वाढीच्या एका जनुकावरच्या खुणा कमी भरल्या. डॉ. आनंदवर्धन हार्डीकर यांच्या गटाने, ज्यात डॉ. याज्ञिकही होते, पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेले उंदीर अभ्यासले. त्यांना पुढे दोन पिढ्या पोटभर खायला घातलं, तरी मधुमेहाकडे झुकलेलं शरीर पूर्ववत झालं नाही. हे २०१५ साली प्रसिद्ध झालं.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे. माणसांत अनेक पिढ्यांचा इतका सरळ पुरावा नाही. तरी हे वाचताना नगरच्या माणसाच्या मनात आपला इतिहास उभा राहतोच. १८७६ ते ७८, १८९६-९७, १८९९-१९००, आणि थोरांच्या अजून आठवणीतला बहात्तरचा: लाल मिलो, सुकडी, उन्हात खडी फोडणाऱ्या बायका. दुष्काळाचा हिशेब आपण मेलेली जनावरं आणि आटलेल्या विहिरी यांत मांडला. जगलेल्यांच्या शरीरात काय उरलं, हा हिशेब राहून गेला.

यातून आईला दोष देण्याचा अर्थ कुणी काढू नये. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आड भरणं हे घराचं आणि गावाचं काम आहे. म्हणूनच २०१२ पासून त्याच सहा खेड्यांत, त्या पाहणीत जन्मलेल्या आणि आता वयात आलेल्या मुलामुलींना रोज दोन मायक्रोग्रॅम बी-१२ देऊन पाहण्यात आलं. पुढे त्यांतल्या मुली आई झाल्या. त्यांच्या बाळांच्या बौद्धिक आणि भाषिक वाढीत दोन वर्षांच्या वयाला फायदा दिसला. २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. मधुमेह टळतो का, हे ती मुलं मोठी झाल्यावरच कळेल.

तोवर थांबायचं कारण नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका केलं आणि बाळंतिणींपर्यंत पोहोचता येतं, हे दाखवून दिलं. आपला जिल्हा दुधाचाही आहे. रोज पहाटे किटल्या डेअरीवर जातात. त्यातलं पेलाभर दूध घरातल्या वयात आलेल्या पोरीसाठी आणि सुनेसाठी, दिवस राहण्याची वाट न पाहता, आधी बाजूला काढलं जातं का? साखरेवरच्या उपायाची सुरुवात तिथून होते.