एकच प्याला : सिंधू-सुधाकरांच्या मृत्यूचा दोष

राम गणेश गडकरी 23 जानेवारी 1919 रोजी सावनेरला वारले आणि त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने त्यांचे हे पाच अंकी नाटक रंगभूमीवर आणले. बालगंधर्व सिंधू झाले, गणपतराव बोडस सुधाकर. नवराबायकोचा एकमेकांवर जीव आहे, तरी शेवटी दोघेही मरतात. नशेतल्या सुधाकराच्या काठीने तान्हे मूल दगावते, सिंधू त्याच घावांनी जाते आणि सुधाकर विष घेतो. नाटकाचे नाव दारूवर बोट ठेवते. संहिता नीट वाचली तर मात्र पहिला दोष सुधाकराच्या अहंकाराकडे जातो. तो हुशार वकील आहे. कोर्टात मानभंग होतो, सनद काही काळ हातची जाते, आणि तो सल गिळता येत नाही म्हणून कारकून तळीरामाने पुढे केलेला प्याला तो उचलतो. मध्यंतरी तो दारू सोडतोही. मग नोकरीसाठी दारोदार फिरताना ओळखीचे प्रतिष्ठित लोक त्याला अपमानित करून परतवतात आणि तो पुन्हा प्यायला बसतो. दोन्ही वेळा अपमान आधी आला, दारू नंतर.

तळीरामाला दोषी धरणारे बरेच आहेत. त्याने प्याला दिला, आर्य मदिरा मंडळात, म्हणजे दारुड्यांच्या टोळक्यात ओढले, हे खरेच. पण तळीराम शेवटच्या आघाताआधीच दारूने मरतो, आणि काठी त्यानंतर उचलली जाते. अधिक वजनाचा आक्षेप असा की व्यसन हा आजार आहे, आजाऱ्याला गुन्हेगार कसे म्हणावे? दारूच्या तीन अवस्था मित्र रामलालला समजावून सांगणारा सुधाकर स्वतःचा नाश स्पष्ट पाहतो, तरी थांबू शकत नाही, हे या आक्षेपाचे बळ. म्हणूनच त्याला परत उभे राहू न देणारी ती प्रतिष्ठित मंडळीही दोषात वाटेकरी ठरतात. तेवढ्याने सुधाकर दोषातून सुटत नाही, कारण मार खाणारी माणसे आजारी नव्हती. सिंधूच्या सोशिकतेने त्याला मोकळे रान मिळाले, असेही म्हटले जाते. हे मला अजिबात पटत नाही. भाऊ पद्माकराची मदत नाकारून ती दळण दळते, मरतानाही नवऱ्याला वाचवायला खोटे बोलते. हे सारे तिच्याकडून पतिव्रता म्हणून अपेक्षिले गेले होते. अपेक्षा करणाऱ्यांचा दोष तिच्या माथी मारता येणार नाही.

गडचिरोली जिल्ह्यातील कुरखेड्याच्या मुलखात दोष दारूचा की माणसाचा, हा वाद जिवंत आहे. हा नाटकांचा मुलूख आहे: दिवाळीनंतर वडशाच्या नाटक कंपन्या मंडईच्या (जत्रेच्या) आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) गावी रात्रभर नाटके करतात. इथल्या झाडीपट्टी रंगभूमीचे नट परशुराम खुणे याच तालुक्यातील गुरनोलीचे, 2023 साली पद्मश्री मिळालेले. दारूही इथे परकी नाही: गोंड घरांत मोहाची दारू देवाला वाहिली जाते, पूजेत वापरली जाते. म्हणजे द्रव्य एकटे घर मोडत नाही. तरीही गडचिरोलीत 1993 साली दारूबंदी झाली, ती लोकचळवळीमुळे, आणि त्या मागणीत बायका पुढे होत्या. सिंधूने जे मुकाट सोसले ते त्यांनी सभेत, मोर्च्यात उघड मांडले. दोष दारूचा नसेल तर बंदी कशाला, असा प्रश्न येतो. अहंकार दुखावलेल्या घडीला प्याला हाताशी नसला तर काठी उचलायला वेळ लागतो, तेवढ्या अवधीत शेजारी धावून येऊ शकतो, म्हणून.