लेखन साहाय्य केंद्र

लेखन साहाय्य केंद्र म्हणजे निबंध, प्रकल्प-अहवाल, शोधनिबंध आणि प्रबंध यांच्या लेखनासाठी विद्यापीठीय विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणारे केंद्र होय. अमेरिकेत ते 'रायटिंग सेंटर' या नावाने ओळखले जाते. विद्यार्थ्याने स्वतः लिहावे यासाठी त्याला साहाय्य करणे हे केंद्राचे काम असून, पैसे घेऊन तयार प्रबंध पुरवणाऱ्या व्यवसायापासून ते याच मुद्द्यावर वेगळे ठरते.

कार्यपद्धती

विद्यार्थी साधारणतः अर्ध्या ते एक तासाची वेळ ठरवून आपला मसुदा घेऊन येतो. मार्गदर्शक हा अनेकदा प्रशिक्षण घेतलेला वरच्या वर्गातील विद्यार्थीच असतो. पुष्कळ केंद्रांत मसुदा मोठ्याने वाचण्याची पद्धत आहे. वाक्य कोठे अडखळते हे त्यामुळे लिहिणाऱ्याच्याच कानाला कळते. प्रथम विषयाची मांडणी, युक्तिवाद आणि पुरावे यांवर चर्चा होते, व्याकरणाचा विचार त्यानंतर. जो परिच्छेद पुन्हा लिहावा लागणार आहे, त्यातील ऱ्हस्व-दीर्घ आधी सुधारण्यात अर्थ नसतो. मार्गदर्शक प्रश्न विचारतो, संदर्भ कसा द्यावा हे दाखवतो. वाक्ये मात्र लिहून देत नाही.

इतिहास

अमेरिकेतील आरंभीच्या केंद्रांचे स्वरूप बरेचसे 'कच्च्या' विद्यार्थ्यांच्या चुका दुरुस्त करणाऱ्या वर्गासारखे होते. स्टीफन नॉर्थ यांनी १९८४ साली 'कॉलेज इंग्लिश' या नियतकालिकातील लेखात या कल्पनेवर टीका केली. समोरचा मसुदा सुधारण्यापेक्षा लिहिणारा घडवणे महत्त्वाचे, अशी त्यांची भूमिका होती. पर्ड्यू विद्यापीठाची लेखन प्रयोगशाळा १९७६ मध्ये सुरू झाली. १९९४ पासून तिचे साहित्य आंतरजालावर उपलब्ध असून जगभरचे विद्यार्थी ते विनामूल्य वापरतात.

तयार लेखनाचा व्यवसाय

विकत घेतलेला निबंध नव्याने लिहिलेला असल्यास साम्य शोधणाऱ्या संगणकप्रणालीला तो सहसा सापडत नाही. त्यामुळे काही देशांनी विक्रेत्यांवरच कारवाईचा मार्ग पत्करला. ऑस्ट्रेलियाने २०२० मध्ये अशा सेवेसाठी दोन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद केली, तर इंग्लंडमध्ये २०२२ च्या कायद्याने ही सेवा पुरवणे व तिची जाहिरात करणे हे गुन्हे ठरले.

भारतातील स्थिती

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्रबंधातील साम्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही. त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत सुधारित प्रबंध सहा महिन्यांच्या आत सादर करावा लागतो. ४० ते ६० टक्के साम्यास एक वर्षाची मनाई आहे, आणि ६० टक्क्यांपुढे नोंदणीच रद्द होते. याच विनियमांत संदर्भ देण्याचे शिक्षण विद्यार्थ्यांना द्यावे, असेही म्हटले आहे. प्रत्यक्षात चर्चा टक्केवारीचीच अधिक होते.

मराठी माध्यमातून शिकून इंग्रजीत प्रबंध लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला या शिक्षणाची गरज सर्वाधिक असते; ते न मिळाल्यास तयार लेखन विकणाऱ्याचा मार्ग त्याला जवळचा वाटू लागतो. मराठीत प्रबंध लिहिणाऱ्याच्या हाताशी मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम (१९६२, पुरवणी १९७२) आणि बहुधा एखादा मुद्रितशोधक असतो. मुद्रितशोधक वेलांटी सुधारतो. युक्तिवादातील खिंडार दाखवणे हे त्याचे काम नव्हे.