बॉनेटखालची उष्णता : हवेला वाट दिली तर इंजिन थंड राहते

एप्रिल-मे महिन्यांत मुंबई-पुणे रस्त्याने प्रवास करणाऱ्यांना एक दृश्य चांगलेच परिचयाचे आहे. बोरघाटाच्या चढावर, रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी असलेली मोटार, शेजारी पाण्याची बाटली हातात घेतलेला चालक आणि सावली शोधणारे कुटुंबीय. प्रीमिअर पद्मिनीच्या काळात हे चित्र पदोपदी दिसे. २०२० मध्ये पाडण्यात आलेल्या जुन्या अमृतांजन पुलाच्या परिसरात गाडी थांबवून 'इंजिनला श्वास घेऊ देणे' हा तेव्हा प्रवासाचाच एक भाग मानला जाई. आजच्या मोटारी खूपच सुधारल्या आहेत. तरीही गाडी चार-पाच वर्षांची झाली की हा त्रास पुन्हा डोके वर काढतो. पनवेलकरांना तो अधिक जाणवतो, कारण एकीकडे कळंबोलीच्या चौकातील रखडत चालणारी वाहतूक आणि दुसरीकडे तासाभराच्या आत घाटाचा चढ, या दोन्ही कसोट्या त्यांच्या गाडीला एकाच प्रवासात द्याव्या लागतात.

बॉनेटखालची उष्णता कमी करण्यासाठी बाजारात अनेक वस्तू मिळतात आणि गॅरेजमध्ये अनेक सल्ले मिळतात. त्यांतील काही उपयुक्त आहेत, काही निरुपयोगी, तर काही धोकादायक. त्यांतून निवड करायची तर ही उष्णता येते कुठून आणि जाते कुठे, हे आधी समजून घ्यायला हवे.

उष्णतेचा हिशेब

पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनातील ऊर्जेपैकी ढोबळमानाने पाव ते एकतृतीयांश भागच चाके फिरवण्याच्या कामी येतो. उरलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. काही सायलेन्सरमधून, काही रेडिएटरमधून, तर काही थेट इंजिनच्या तप्त पृष्ठभागावरून.

खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंतचा चढ सुमारे ५०० मीटर उंचीचा आहे. माणसे व सामान धरून १,३०० किलो वजनाची मोटार एवढी वर नेण्यासाठी सुमारे ६.४ मेगाज्यूल ऊर्जा लागते. इंजिनची कार्यक्षमता २५ टक्के धरली तर त्यासाठी सुमारे २५ मेगाज्यूलचे, म्हणजे जवळपास पाऊण लिटर पेट्रोल जाळावे लागते. यातले सुमारे १९ मेगाज्यूल निव्वळ उष्णता म्हणून बाहेर टाकावे लागतात. एवढ्या उष्णतेत सुमारे ६५ लिटर पाणी उकळीपर्यंत तापवता येईल. हा हिशेब फक्त चढाचा आहे. एसी आणि हवेचा विरोध यांचा भार वेगळाच.

ही उष्णता इंजिनात निर्माण होणारच. ती थांबवता येत नाही. आपल्या हाती एवढेच असते की तिला बाहेर पडण्याची वाट मोकळी ठेवायची आणि नाजूक भागांपासून तिला दूर राखायचे. 'थंडावा देणाऱ्या' कोणत्याही उपायाची उपयुक्तता याच कसोटीवर तपासावी.

बदलाआधी दुरुस्ती

कारखान्यातून बाहेर पडलेली मोटार भारतीय उन्हाळ्याचा विचार करूनच बनवलेली असते. ती पूर्वी तापत नव्हती आणि आता तापते, याचा अर्थ मूळ रचनेतील काहीतरी बिघडले आहे. ते शोधल्याशिवाय नवे काही बसवणे म्हणजे गळक्या छताखाली बादली ठेवण्यासारखे आहे.

पहिली तपासणी रेडिएटरची. बहुतेक मोटारींत रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर असतो. या दोघांच्या मधल्या फटीत पाने, किडे, पिशव्यांचे तुकडे आणि अवजड वाहनांनी उडवलेली धूळ साचून थर बसतो. समोरून पाहिल्यास तो दिसत नाही. इंजिन पूर्ण थंड असताना, शक्य असेल तेथे आतल्या बाजूकडून बाहेरच्या दिशेने, कमी दाबाच्या पाण्याने तो धुवावा. सर्व्हिसिंग सेंटरमधील जोरदार फवारा जवळून मारल्यास रेडिएटरच्या पातळ पत्र्या वाकतात आणि हवेचा मार्ग अधिकच बंद होतो.

दुसरी तपासणी कूलंट आणि रेडिएटरच्या झाकणाची. अनेक जण कूलंट कमी झाले की नळाचे किंवा बोअरचे पाणी ओततात. अशा पाण्यातील क्षार आतल्या अरुंद नळ्यांत साचतात आणि गंज वाढतो. उत्पादकाने सांगितलेले कूलंट, सांगितलेल्या प्रमाणात आणि शुद्ध केलेल्या पाण्यातच मिसळावे. झाकणाचे काम तर फारच महत्त्वाचे आहे. ते आतला दाब टिकवून ठेवते आणि दाब वाढला की द्रवाचा उत्कलनबिंदू वाढतो. वातावरणाच्या दाबाखाली १०० अंशांना उकळणारे साधे पाणीसुद्धा एक बार अधिक दाबाखाली सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचे रबर सैल झाले की हे संरक्षण नाहीसे होते. शंका असेल तेव्हा हा स्वस्त भाग आधी बदलावा.

तिसरी बाब थर्मोस्टॅटची. 'हा काढून टाका, गाडी तापणार नाही' हा सल्ला आपल्याकडे अजूनही सर्रास दिला जातो. थर्मोस्टॅट नसेल तर सपाट रस्त्यावर इंजिन योग्य तापमानाला पोहोचत नाही, संगणकीय नियंत्रण जादा इंधन सोडत राहते आणि इंजिनची झीज वाढते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट काढल्यावर कूलंटचा काही भाग रेडिएटर टाळून आतल्या आतच फिरत राहतो आणि तापमान उलट वाढते. बिघडलेला थर्मोस्टॅट बदलावा. काढून टाकू नये.

चौथी बाब फॅन आणि त्याभोवतीचे प्लास्टिकचे आवरण. हे आवरण असेल तरच फॅन रेडिएटरच्या संपूर्ण पृष्ठभागातून हवा खेचतो. ते तुटले तर फॅनसमोरच्या वर्तुळाएवढाच भाग थंड होतो. गाडी उभी असताना किंवा रांगेत सरकत असताना हवेचा सारा प्रवाह फॅनवरच अवलंबून असतो. घाटात न तापणारी गाडी सिग्नलवर तापत असेल तर संशय फॅनवर, त्याच्या रिलेवर किंवा मोटरवर घ्यावा. सिग्नलवर ठीक असणारी गाडी घाटात तापत असेल तर रेडिएटर आतून किंवा बाहेरून तुंबला आहे काय, ते पाहावे.

सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांत आणखी एक जागा तपासावी लागते. गॅसचा दाब कमी करणाऱ्या रिड्यूसरला ऊब देण्यासाठी गरम कूलंटची नळी जोडलेली असते. तिच्या सांध्यांवरील क्लॅम्प सैल होऊन कूलंट थेंबथेंब गळते आणि चालकाच्या लक्षातही येत नाही.

सोपे, कमी खर्चाचे बदल

मूळ रचना ठीक असल्याची खात्री झाल्यावर पुढील उपाय करून पाहण्यासारखे आहेत.

फटी बुजवणे : जाळीतून आत आलेली हवा रेडिएटरच्या बाजूच्या फटींतून निसटून जाते. या फटींत मूळची फोमची किंवा रबराची पट्टी असते. ती कुजून पडते. उष्णता सहन करणारी, पाणी न शोषणारी नवी पट्टी बसवल्यास आलेली हवा रेडिएटरमधूनच जाते. सर्वांत कमी खर्चात सर्वाधिक उपयोगी पडणारा हा बदल म्हणता येईल.

समोरची जाळी मोकळी करणे : जादा दिवे, शोभेच्या पट्ट्या, बारीक जाळ्या आणि मोठी पाटी यांनी हवेचा मार्ग अडतो. पुढच्या लोखंडी गार्डचेही तेच. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये अशा गार्डवर कारवाईचे निर्देश राज्यांना दिले होते, त्यामुळे ते काढण्याला सुरक्षिततेचेही कारण आहे.

इंजिनखालचे आवरण परत बसवणे : खड्ड्यात आपटून तुटलेले खालचे प्लास्टिकचे आवरण काढून टाकले की 'हवा खेळती राहील' असा समज आहे. प्रत्यक्षात अनेक मोटारींत हे आवरण गरम हवा ठरावीक मार्गाने मागे नेते. ते नसल्यास हवेची वाट बिघडते आणि पावसाळ्यात चिखल थेट बेल्टवर उडतो.

उष्णतारोधक पत्रा : एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरचा पत्रा सैल होऊन वाजू लागला की मेकॅनिक तो काढून ठेवतात. तो अवश्य परत बसवून घ्यावा. बॅटरी किंवा हवेची नळी मॅनिफोल्डच्या जवळ असेल तर मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा बसवता येतो. मात्र पत्रा आणि तप्त भाग यांत बोटभर तरी अंतर हवे. त्या मोकळ्या हवेमुळेच उष्णता अडते.

परावर्तक आवरणे : वायरिंग, इंधनाची नळी आणि हवेची नळी यांवर चकाकणारे आवरण चढवल्यास जवळच्या तप्त भागातून येणारी प्रारणाची उष्णता परतवली जाते. सभोवतालची हवाच गरम असेल तर त्याचा फारसा उपयोग होत नाही. बॅटरीवर कारखान्याचे आवरण असेल तर नवी बॅटरी घेताना ते फेकू देऊ नये. सततच्या उष्णतेने बॅटरीचे आयुष्य निश्चितपणे घटते.

हे टाळावे

बॉनेटच्या मागच्या बाजूला वॉशर टाकून ते उचलण्याची युक्ती तरुणांत लोकप्रिय आहे. गाडी उभी असताना गरम हवा तेथून बाहेर पडते, हे खरे. परंतु गाडी वेगात असताना समोरच्या काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो. त्यामुळे तेथून हवा बाहेर जाण्याऐवजी आत शिरू शकते. शिवाय केबिनमध्ये जाणारी हवा नेमकी तेथूनच घेतली जाते, म्हणजे इंजिनचा वास आणि धूर प्रवाशांपर्यंत पोहोचण्याची शक्यता. कोकणातील पाऊस आत जाण्याचा प्रश्न वेगळाच.

एक्झॉस्टच्या नळीला काचतंतूची पट्टी गुंडाळल्याने बाहेरची उष्णता खरोखर कमी होते. मात्र ही पट्टी ओलावा धरून ठेवते आणि आपल्या दमट हवेत लोखंडी नळी तिच्याखाली गंजते. तेल गळणाऱ्या इंजिनवर ती बसवली तर तेल शोषून पेट घेऊ शकते. रोजच्या वापराच्या गाडीला तिची गरज नाही.

फॅन सतत चालावा म्हणून रिले आणि फ्यूज टाळून थेट बॅटरीवरून वायर जोडणे हा तर उघड धोका आहे. तप्त जागेतील फ्यूज नसलेली वायर हे आगीला निमंत्रण ठरते.

कायद्याचाही विचार करावा. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून दूर जाणारे बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. झिजलेली पट्टी बदलणे किंवा मूळ पत्रा परत बसवणे ही दुरुस्ती आहे. बॉनेट कापून झरोके पाडणे हा बदल आहे. विम्याच्या दाव्याच्या वेळी हा फरक महागात पडू शकतो.

फरक पडला का?

बदलाचा परिणाम हाताला जाणवला, एवढ्यावर विसंबू नये. इन्फ्रारेड तापमापक आता सहज मिळतो. पळस्पे फाट्यापासून जुन्या महामार्गाने खोपोलीपर्यंत, साधारण त्याच वेळी व तितक्याच वेगाने, बदलाआधी आणि बदलानंतर फेरी मारावी आणि बॅटरी, हवेची नळी व फ्यूजपेटी यांचे तापमान लिहून ठेवावे. चकचकीत धातूवर हे उपकरण चुकीचे, कमी तापमान दाखवते. तेथे आधी काळी चिकटपट्टी लावावी. इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे बॉनेटखालचे तापमान वाढतच जाते, कारण कूलंट व हवा दोन्ही थांबलेली असतात. म्हणून नोंद नेहमी सारख्याच वेळाने घ्यावी.

घाटात गाडी तापलीच तर

तापमानाचा काटा चढू लागला किंवा लाल दिवा लागला तर प्रथम एसी बंद करावा आणि हीटर पूर्ण गरमवर, पंखा जोरात ठेवून चालू करावा. उन्हाळ्यात हे नकोसे वाटते, पण हीटर हाही एक छोटा रेडिएटरच आहे. सुरक्षित जागा दिसताच गाडी बाजूला घेऊन, धोक्याचे दिवे लावून इंजिन बंद करावे. प्रवाशांनी रस्त्याच्या कठड्यापलीकडे, वाहतुकीपासून दूर उभे राहावे. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. दाबाखालील उकळते पाणी चेहऱ्यावर व हातांवर उडून गंभीर इजा होते. तापलेल्या इंजिनवर थंड पाणी ओतल्यास धातूला तडा जाऊ शकतो. अर्धा तास थांबणे हे सिलिंडर हेड बदलण्यापेक्षा केव्हाही स्वस्त.

घाट सुरू होण्याआधी खालापूरच्या परिसरात तापमानाच्या काट्याकडे एकदा नजर टाकण्याची सवय मात्र सर्वांनीच लावून घ्यावी. सपाट रस्त्यावरच काटा नेहमीपेक्षा वर असेल तर पुढचा ५०० मीटरचा चढ त्याला खाली आणणार नाही. अशा वेळी तेथेच थांबून कूलंट व फॅन तपासणे इष्ट. एका जुन्या पट्टीपायी किंवा सैल झाकणापायी लहान मुलांसह भर उन्हात घाटात अडकण्याची वेळ त्यामुळे टळेल.